पंच क्रमांक दोन

परभणीला सिनेमा लागला, आमच्या स्टँडवरच्या स्फोटाचा.
जावई म्हणला, चला मामा, तुमचं गाव पडद्यावर बघू.

आमचा स्टँड त्यांनी हैदराबादेत उभा केलता,
प्लायवूडचा. रंग बरोबर होता,
खाली तांबडा, वर पिवळट,
मुतारीच्या भिंतीवरची तंबाखूची जाहिरातसुद्धा
कुणीतरी जीव लावून काढलेली.
वसमतची गाडी फलाटाला लागली
आणि मी खुर्चीचा दांडा धरला.
कोणत्या बाकाखाली, मला माहीत होतं.

सिनेमातल्या बॉम्बला लाल आकडे होते.
दहा, नऊ, आठ...
मागची पोरं मोठ्यानं मोजायला लागली.
खऱ्याला आकडे नव्हते.
खऱ्याला काटे होते.

त्या दिवशी जमादार दुकानात आला,
घड्याळजी, पंच पाहिजे, नुसती सही.
संक्रांत होऊन आठवडा झालता.
गयाबाईची बोराची पाटी खांबाजवळ.
गयाबाई नव्हती, मुंजा हमाल नव्हता,
वसमतला निघालेली दोन लेकरं नव्हती,
बोरं मात्र पाटीतल्या पाटीत होती.
हे मला आजवर कळलेलं नाही.

साहेबानं चिमट्यात एक पत्रा धरला, हे काय?
मी डोळ्याला भिंग लावलं.
घड्याळाचं मागचं झाकण, अर्धं.
आतून सुईनं कोरलेली तारीख, १४/११,
आणि खाली ‘ग्या’.
आम्ही कोरतोच तसं. गिऱ्हाईक भांडायला आलं
की उघडून दाखवायला.
ग्या म्हणजे ग्यानोबा. म्हणजे मी.

काय आहे? साहेबानं परत विचारलं.
माझ्या भिंगावर वाफ धरली.
मग साहेबच म्हणले, स्टोव्हचं काहीतरी असंल. घ्या लिहून.

‘चहाच्या हॉटेलातील गॅसच्या टाकीचा स्फोट.’
‘पंचांना वाचून दाखवले, बरोबर आहे.’
वाचून कुणी दाखवलं नाही.
बरोबर आहे, एवढं मी म्हणलं.

मैनोद्दीनची टाकी दुसऱ्या दिवशीसुद्धा भट्टीखाली होती,
भरलेली. आम्ही चौघांनी उचलून बघितली
आणि खाली ठेवली.
त्याच टाकीपायी त्याला नऊ वर्षं तारखा पडल्या.
दर तारखेला जाताना माझ्या दुकानापुढं थांबायचा,
टाइम काय झाला, विचारायचा.
मी सांगायचो. तेवढंच सांगायचो.
मग तो उदगीरला निघून गेला.

पडद्यावर पंच आला, चार सेकंद.
जाडा, तोंडात पान,
पाकीट खिशात घालतो, सही ठोकतो.
थेटरानं आईवरून शिव्या दिल्या.
जावयानंपण एक दिली, मग माझ्याकडं बघून म्हणला, सॉरी मामा.

मी पाकीट घेतलं नव्हतं.
मला कुणी दिलंच नव्हतं.
इतका खर्च कुणाला करावाच लागला नाही.

शेवटी एक पोरगी इन्स्पेक्टर सगळं उघडं पाडते.
कोर्टात पाऊस पडल्यासारख्या टाळ्या,
थेटरात त्याहून जास्त.
आमच्या केसमध्ये कोर्टात शेवटी एक शिपाई होता
आणि पंखा बंद.

बाहेर आल्यावर जावयानं विचारलं, कसा वाटला?
मी म्हणलं, घड्याळ चुकीचं दाखवलंय.
तो हसला. मामा, तुम्हाला जिथंतिथं घड्याळच.
चौकात वाढदिवसाचा बोर्ड लागलेला,
वीस फुटी, हात जोडलेला.
त्याच्या खालून आम्ही गाडी काढली.

घरी आलो, लोखंडी पेटीतनं वही काढली.
वाळवीनं दिवाळीपर्यंत खाल्लीय,
पुढचं पान आहे.
चौदा नोव्हेंबर. दोन घंट्यांचं गजराचं, स्प्रिंग बदलली.
त्या बोर्डावरचं नाव, तेव्हा त्याला मिसरूड होतं,
पोरगं स्वतः आलतं घ्यायला,
म्हणलं, गजर पक्का वाजला पाहिजे, काका.
मजुरी पंधरा.
जमा आठ.
बाकी सात.